करंटच्या खोलीतलं बारसं

बेळगावच्या खासबागेत मला दोन नावं होती. रेशनकार्डावरचं विमल आणि बाजारातलं करंटवाली. भाजीवाली शेजारणीला मुद्दाम मला ऐकू जाईल असं सांगायची, "हिला ताजी मेथी दे गं बाई, न्हायतर डोक्याला करंट लावंल." मी हसून पिशवी पुढे करायची. मनातून राग यायचा, खोटं कशाला बोलू. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील काकतीकडच्या रस्त्यांवर डांबर टाकायचे, आई त्याच रस्त्याला खडी पसरायची. फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले तेव्हा वाटलं होतं, लोक निदान ‘मॅडम’ तरी म्हणतील. म्हणाले करंटवाली.

काम होतं बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात. वेड्यांचा दवाखाना म्हणत लोक. आम्ही मनाच्या आजारांचा म्हणायचो. सत्तरच्या दशकात तिथं मुंबईहून एक पेटी आली. लाकडी, शिवणयंत्राच्या डब्याएवढी. वर दोन खटके: एक व्होल्ट ठरवायचा, एक वेळ ठरवायचा. पेटीतून दोन वायरी, त्यांच्या टोकाला दोन चकत्या. ही पेटी सांभाळायला विजेतलं कळणारं माणूस हवं होतं, म्हणून मला घेतलं. पुरुष उमेदवारही आले होते, पण बायकांच्या वॉर्डात बाईमाणूस बरं, असं डॉक्टरांना वाटलं. माझ्या मार्कांचा उल्लेख कुणी केला नाही, तो मीच इथं करून ठेवते. वर्गात दुसरी आले होते.

बाहेरच्यांना काम समजावं म्हणून सांगते. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. पेशंटला आधी भूल द्यायची, मग अंग सैल पडायचं इंजेक्शन. कानाच्या वर दोन्ही बाजूंना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या, त्यांवर त्या चकत्या. तोंडात जीभ चावू नये म्हणून रबर. डॉक्टर म्हणाले ‘हं’, की मी बटण दाबायचं. सेकंदभरसुद्धा वीज जात नाही. डोकं उघडायचं नाही, टोचायचं नाही, सगळं बाहेरून. त्या विजेनं मेंदूत एक फिट येते, आणि गुण जो येतो तो त्या फिटचा. अंग सैल असल्यामुळे ती फिट दिसतच नाही जवळजवळ. म्हणून आम्ही सगळे शहाणे लोक डोक्याला वीज लावून बघायचो कुठं, तर पायाच्या अंगठ्याकडे. अंगठा थरथरला की समजायचं, काम झालं. का बरं वाटतं, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "विमल, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पण वाटतं एवढं खरं." त्यांच्या या उत्तरानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक सधन शेतकरी मुलाला घेऊन आला, गणितात पाच वेळा नापास. "जरा हलका करंट द्या, गणितापुरता." हिंडलग्याचा एक पैलवान म्हणाला, "आधी मला लावा, मग माझ्या भावाला. मी बघतो काय दम हाय ते." त्याला नुसती पेटी दाखवली तर तो पाणी मागायला लागला.

पण एक माणूस माझ्या मनातून गेला नाही. एक प्राथमिक शिक्षक. घरच्यांनी विहिरीच्या काठावरून धरून आणले होते. आठ वेळा शॉक दिले आणि मास्तर हसत घरी गेले. महिन्यानं तपासायला आले. हातात लग्नाचे फोटो. "बाई, ह्या फोटोत मी पोरीचं कन्यादान करतोय. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही." लग्न आजाराच्या थोडं आधी झालं होतं. डॉक्टरांनी समजावलं, की अलीकडच्या महिन्यांतलं काही पुसलं जातं, बरंचसं परत येतं, सगळं येत नाही. मास्तर म्हणाले, "जीव राहिला, तक्रार नाही. पण कुणी आधी सांगायला हवं होतं." आम्ही कुणालाच सांगत नव्हतो. सांगितलं तर घाबरून घेऊन जातील, असा हिशोब.

हे मला ठाऊक होतं, हे लक्षात ठेवा. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी चूक आहे.

निपाणीहून मालन आली ती तिच्या नवऱ्यानं दोन हातांवर उचलून. बिड्या वळणारी बाई, वीस-बावीसची. पोरगी तीन महिन्यांची. बाळंतपणानंतर महिना-सव्वा महिना बरी होती, मग बोलणं कमी झालं, मग बंद. आता खाणं बंद. हात उचलून ठेवला तर तसाच वर राहायचा. डोळे उघडे, पण त्यात कुणी नाही. नाकातून नळी घालून दूध द्यायला लागलो. डॉक्टर नवऱ्याला, दत्तूला, स्पष्ट म्हणाले, "औषधांची वाट बघण्याएवढं अंगात काही उरलेलं नाही. शॉक द्यायला लागतील, आठ. मध्ये सोडलं तर परत हीच गत होईल, आणि त्यावेळी ती वाचेल असं मला वाटत नाही."

दत्तू मान हलवायचा. ठरवणारी होती त्याची आई, हौसाबाई. काटक, नाकात मोठी नथ, कडेवर नात. तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठल्या वं तुमी?"

"काकतीकडच्या."

"तसं न्हवं. कुणाच्यातल्या?"

"आम्ही बौद्ध."

तिनं पदर जरा आवरून घेतला. मी चहा पुढे केला तो तसाच थंड झाला. मी म्हटलं, "चहा नको तर राहू दे मावशी. पण सुनेचं डोकं मीच धरणार, ते आधीच सांगते."

तिनं नात दुसऱ्या कडेवर घेतली.

पहिल्या शॉकच्या सकाळी सगळं तयार. भूल दिली, चकत्या लावल्या, डॉक्टर म्हणाले ‘हं’, मी बटण दाबलं. सगळ्यांचे डोळे अंगठ्यावर. अंगठा गप्प. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "सर, व्होल्टेज कमी आहे." त्यांनी माझ्यासमोरचं मीटर बघितलं. दोनशे तीस. सकाळच्या त्या वेळी बेळगावात व्होल्टेज इतकं चांगलं कधी नसायचं, नेमकं त्याच दिवशी असावं! भूल उतरत आली होती, म्हणून त्या दिवशी तसंच सोडावं लागलं.

चकत्या काढताना माझी बोटं घसरली. वास घेतला. एरंडेल. केस आम्ही आदल्या दिवशी धुऊन घेतले होते, आणि हौसाबाईनं पहाटे उठून कपाळापासून मानेपर्यंत डोकं चपचपीत थापलं होतं. वर पदर घट्ट बांधून आणलं, आणि मी घाईत वरचेवर पुसून घेतलं होतं. तेलातून वीज जात नाही, हे आठवीतल्या मुलाला ठाऊक असतं.

"मावशी, तेल का लावलंत?"

"मग? डोक्यात इस्तू घालणार तुमी, आन मी थंडावा बी करू नको?"

शांतव्वा सिस्टर, आमच्या वॉर्डच्या मुख्य, कन्नडमधून काहीतरी पुटपुटल्या आणि खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. डॉक्टरांसमोर नाक कापलं गेलं होतं. मी हौसाबाईसमोर बसले आणि शिकलेल्या माणसाच्या सगळ्या तोऱ्यात म्हणाले, "ऐका. मी कॉलेज शिकलेली बाई आहे. ह्या विजेनं डोक्याला काही म्हणजे काही होत नाही. मी सांगते ना. तेल लावायचं नाही."

मास्तरांचे फोटो मला त्या वेळी आठवले नाहीत असं म्हणता येईल. पण आठवले होते.

हौसाबाई माझ्याकडे बघत राहिली. "शिकलेली हाईस म्हणून इस्वास ठेवतो बग," म्हणाली. पहिल्यांदाच एकेरी बोलली.

त्यानंतर अंगठा बरोबर हलला. दुसऱ्या शॉकनंतरच्या दुपारी शांतव्वा सिस्टर धावत आल्या, "विमल, बारे, ये लवकर, मालनच्या हाताला बारीक फिट यायलीय!" मी गेले. मालन उशीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर आणि बोटं सारखी चाललेली. अंगठा तर्जनीवर घासत फिरायचा, मग करंगळीकडून एक झटका, परत पहिल्यापासून. मलाही फिटच वाटली. मी डॉक्टरांना बोलवायला वळले तेवढ्यात मागून हौसाबाईचा आवाज आला. रडत होती की हसत होती कळेना.

"फिट न्हवं गं बायांनो! बिडी वळतीया ती! बग की, पान गुंडाळलं… आता तोंड मुडपलं… आता दोरा." ती सुनेच्या पायाशी बसली. "मालन, सूप न्हाय मांडीवर, कुठं टाकतीयास बिड्या?"

मालनचे ओठ हलले. दीड महिन्यात पहिल्यांदा. "तंबाखू संपली," ती म्हणाली.

त्या दिवशी नळी निघाली. तिसऱ्यानंतर तिनं पेज मागितली, चौथ्यानंतर भाकरी कुस्करून खाल्ली. हौसाबाईनं वॉर्डभर सांगितलं, आमच्या विमलनं बरी केली. ‘आमच्या’ हा शब्द मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितला. चहासुद्धा घ्यायला लागली माझ्या हातचा.

पाचवा शॉक झाला. दुपारी मालन पुरती जागी झाली तेव्हा मी तिथंच होते. हौसाबाईनं नात तिच्या मांडीवर दिली. मालननं अगदी सवयीनं तिची मान सावरली, कुंची सारखी केली, तिच्या टाळूचा वास घेतला. मग सासूकडे बघून म्हणाली, "आत्ती, हिचं नाव काय ठिवायचं?"

हौसाबाईला वाटलं थट्टा करते. "ठिवलंय की. संगीता."

"कवा?"

"बाराव्या दिसाला. बारसं झालं की गं."

"बारसं झालं?" मालन गोंधळून आमच्याकडे आळीपाळीनं बघायला लागली. "मग वन्सं आल्यात्या? मी कुठं हुते?"

"तू कुठं हुतीस? पाळण्याम्होरं बसलीतीस! नाव तूच ठिवलंस, हट्ट धरून! मी सुभद्रा म्हणत हुतो!"

मालननं मान हलवली. तिला काहीच आठवत नव्हतं. ती लेकीकडे बघून हळूच म्हणाली, "संगीता." एखाद्या नव्या पाहुण्याचं नाव म्हणून बघावं तसं.

हौसाबाई उठली आणि मला दंडाला धरून वॉर्डच्या बाहेर घेऊन आली. तिथं दत्तू बसला होता.

"दत्तू, गाठोडं बांध. उद्याच्या पयल्या यष्टीनं घरला." मग माझ्याकडे वळली. "काय हुत न्हाय म्हणालतीस न्हवं तू? आईला पोरीचं नाव ठाव न्हाय! आनखी तीन दिलं तर उद्या पोरगीच ठाव न्हाय म्हणंल. मग काय करू आमी?"

मी तोंड उघडलं. एक वाक्य तयार होतं: हे तात्पुरतं आहे, सगळं परत येईल. हे वाक्य आम्ही सगळेच वापरायचो. त्यानं वेळ निभावायची. पण तिनं गाठोडं बांधलं तर मालन जिवानिशी जाणार होती आणि मी खोटं बोलून तिला थांबवलं तर पुढं कधीतरी ती मास्तरांसारखी दारात उभी राहणार होती. दोन्हीकडून माझीच मान अडकलेली.

"मावशी, मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "अलीकडचं थोडं पुसलं जातं. मी सांगितलं नाही. खोटं बोलले."

दत्तू उठून उभा राहिला. हौसाबाईनं हातानं त्याला खाली बसवलं.

"शिकून हेच शिकलीस व्हय गं?"

दहा वर्षं कंदिलाखाली केलेला अभ्यास त्या एका वाक्यात मावला.

मग तिनं विचारलं, "परत येतंय का न्हाय, ते? आता खरं बोल."

"काही येईल. बारशाचं वगैरे कदाचित कधीच येणार नाही. पण आधीचं जाणार नाही. लेकीची मान कशी धरायची ते तिला कुणी सांगितलं? बिडी कशी वळायची ते? ते हातात आहे, ते जात नाही. मध्ये सोडलं तर मात्र ती परत पहिल्यासारखी होईल. हे डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. ह्यात खोटं काही नाही."

ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. समोर दोरीवर वॉर्डच्या चादरी वाळत होत्या. मग ती म्हणाली, कुणाला उद्देशून कोण जाणे:

"दत्तूच्या येळला मला ताप चढलाता. सा दिस मी न्हवतोच. बारसं शेजारणीनं केलं. मला कुठं काय आठवतंय? म्हणून हा माझा पोरगा न्हवं व्हय?"

"आये…" दत्तू म्हणाला.

"गप रं. गेलं ते दिस गेलं. बाई ऱ्हायाला पायजे." मग डोळे पुसून, एकदम कामाला लागल्यासारखी, "बारसं काय, परत घालाय येतंय. हरबरं आन जा बाजारातनं, शेरभर."

दत्तू बघतच राहिला. "आये, बारसं कुटं दोनदा घालत्यात?"

"आईनं बगितलं न्हाय तर ते झालं कसलं? जा म्हणतो न्हवं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून शांतव्वा सिस्टरांनी करंटची खोली उघडून दिली. त्या दिवशी शॉक नव्हते. ज्या टेबलावर पेशंट झोपायचे त्याच्या दोन पायांना हौसाबाईनं आपलं लुगडं बांधून झोळी केली. पेटी मी कोपऱ्यात सरकवून तिच्यावर चादर टाकली. मालन केसांत फूल माळून समोर बसली, सगळं नीट बघत, एखादी गोष्ट पाठ करायची असावी तसं. आणि मग अडलं.

"आत्या कुठनं आणू?" हौसाबाई म्हणाली. दत्तूची बहीण इचलकरंजीला. नाव तर आत्यानंच ठेवायचं. हौसाबाईनं खोलीभर नजर फिरवली. दोन आया, शांतव्वा सिस्टर, शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी, आणि मी. नजर माझ्यावर येऊन थांबली.

"हो म्होरं."

"मी?"

"मग कोण? दादल्याची भैन हाईस असं समज. खोटं बोललीस, आता हे तरी खरं कर."

मी झोळीत वाकले. शांतव्वा सिस्टरांना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा आमच्यातला रिवाज चांगलाच ठाऊक होता. मी ‘कुर्र’ म्हणायच्या आत त्यांनी पाठीत असा धपाटा घातला की माझ्या पोटातली हवा निघून गेली. "अय्यो, मोठ्यानं म्हण की, कॉलेज शिकलीस न्हवं!" पुढे आया, म्हातारी, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मी पोरीच्या कानात नाव सांगितलं. मालननं स्वतःही वाकून एकदा सांगितलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण चेहरा हसरा होता.

तेवढ्यात दारात डॉक्टर. खोलीत झोळी, जमिनीवर घुगऱ्या, मी केस विस्कटलेली. "हे काय चाललंय?"

"ट्रीटमेंट, सर," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला आणि हौसाबाईनं त्यावर घुगऱ्या ठेवल्या.

उरलेले तिन्ही शॉक झाले. तेल लागलं नाही, अंगठा हलला. मालन चालत यष्टीत चढली. त्या आठवड्यात मी डॉक्टरांना सांगितलं, यापुढं विसरण्याचं आधी सांगायचं, मी सांगेन. ते म्हणाले, लोक पळून जातील. काही गेले, हेही सांगायला हवं. त्यातला एक परत आलाच नाही, त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि अजून अधूनमधून आठवतो. पण बरेचसे थांबले. निघताना आम्ही घरच्यांना सांगायचो, एक वही करा, गेल्या सहा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवा, पेशंट विचारील तेव्हा वाचून दाखवा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या वह्या मी लिहिल्या. माझं अक्षर बेळगाव ते निपाणी किती घरांत आहे, देव जाणे. मास्तरांना मी पत्र लिहून माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून.

आता म्हणे यंत्रं फार सुधारली आहेत. वीज बारीक तुकड्यांत जाते, विसरणं कमी होतं. बॅटरीवरचे, भूल न देता लावायचे प्रकारही निघालेत असं माझी भाची सांगते. चांगलंच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका लग्नाला निपाणीला गेले. वाट विचारत दत्तूच्या दारात पोचले. उंबऱ्याशी एक भरल्या अंगाची बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिनं वर बघितलं. बोटं थांबली नाहीत.

"कोण पायजे वं?"

मी तिचं डोकं आठ वेळा दोन हातांत धरलं होतं. नऊ वेळा, एरंडेलाचं धरून. तिच्या डोळ्यांत ओळखीचा एक कणही नव्हता. मी स्वतःला समजावत होते, की असंच होणार, आमच्या धंद्यात जो पुरता बरा होतो तो आपल्याला विसरतो. तरी पिशवी या हातातून त्या हातात घेतलीच.

आतून काठी टेकत हौसाबाई आली. दारात उजेडाला हात आडवा धरून माझ्याकडे बघितलं आणि सुनेवर ओरडली, "अगं, बगत काय बसलीस? संगीची आत्या हाय ती! करंटवाली!"

मालननं सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि पुढे येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली.

"व्हय?" ती म्हणाली. "मग भाईर का हुब्या, वन्सं? आत या की."